कोरडा खांदा

महामाया दारात उभी होती आणि तिच्या पायांत चपला नव्हत्या. ही बाई निंदणाला जातानाही चपला विसरत नाही. काहीतरी मोठं बिनसलंय, हे वंदनाला तेवढ्यावरूनच समजलं.

"वंदनाताई, जमादार येऊन राह्यला. माह्या संघर्षले ठाण्यात नेतो म्हनते."

"काऊन?"

"पाटलाचं मखर चोरीले गेलं. पाटलानं माह्या पोट्ट्याचं नाव घेतलं."

वंदनाने पुरणाखालचा गॅस बंद केला. सकाळ नुकती वर आली होती, पोळ्याची सकाळ. आणि पोळ्याच्या दिवशी सावरटेकात मखर नाही, म्हणजे लग्नघटका भरत आली आणि नवरदेवाचा पत्ता नाही.

मखर म्हणजे लाकडाची आणि बांबूच्या कामट्यांची कमान. पाळण्याएवढी, पितळी चकत्या जडवलेली. ती एका म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांवर बांधतात. गावाबाहेरच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण लागतं, त्याखालून पहिला जातो तो मखराचा बैल. तोवर गावातला दुसरा बैल पाऊल उचलत नाही. हा मान पाटलाच्या घरचा. पाटीलकी सरकारने केव्हाच मोडीत काढली, पण वामनराव पाटलांकडे नाव राहिलं आणि मखर राहिलं. बैल मात्र राहिले नाहीत. ट्रॅक्टर आला तशी त्यांच्या दावणीवरची जोडी गेली, आणि तेव्हापासून मखर पाटलाचं आणि शिंगं गोविंदाच्या हिऱ्या बैलाची, असा संसार चालला होता.

हसायचं कारण नाही, कारण गावात दुसरी पाटीलही अशीच होती. पोलीस पाटलाची जागा बाईसाठी निघाली तेव्हा वंदनाने परीक्षा दिली आणि पहिली आली. गावात काय घडलं ते ठाण्याला कळवायचं, कोणाची चौकशी आली तर खरं ते सांगायचं, हे तिचं काम. पण परीक्षेनंतर तिला कोणी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. दारावरच्या पाटीवर नाव तिचं आणि मोबाईल नंबर नवऱ्याचा, भागवतचा. बी-बियाण्याच्या दुकानात बसून भागवत सगळ्यांना हसत सांगायचा की पाटीलकी आपली, सही तेवढी घरची. म्हणजे एकाकडे मान होता पण काम नव्हतं, आणि दुसरीकडे काम होतं पण मान नव्हता.

"तू ह्यायच्याकडे दुकानात गेली नाईस? माह्याकडे कशी आली?" वंदनाने विचारलं.

"त्यायच्याच फोनवर तं जमादार निंगाला," महामाया म्हणाली. "पोलीस पाटलाचंही तेच म्हननं हाय, असं सांगतलं म्हने."

वंदनाचे कान तापले. तिचं म्हणणं तिला न विचारताच ठाण्यात पोचलं होतं, आणि तेही अशा पोराबद्दल. संघर्ष पोलीस भरतीत निवडला गेला होता. पळणं झालं, लेखी झाली, आता फक्त चारित्र्याची पडताळणी राहिली होती. त्यात चोरीची एक तक्रार आली की सगळं मुसळ केरात. महामायाने मजुरी करून त्याला इथवर आणलं होतं, म्हणून ती अनवाणी धावत आली होती.

"चाल," वंदना म्हणाली आणि तिने पायांत चपला सरकवल्या.

---

वामनराव ओसरीवर खुर्चीत बसले होते. नवा फेटा सकाळीच बांधून झाला होता आणि त्याखालचा चेहरा पांढरा पडला होता. शेजारी भागवत उभा होता. जमादार रंगराव मोटारसायकल लावून नुकतेच आत आले होते.

भागवतने बायकोला पाहिलं. "तू कायले आली?"

"पोलीस पाटील मी हाय," वंदना म्हणाली. "जमादारसाहेबाले ठाऊक नसंन, म्हनून सांगाले आली. मी अजून कोनाचंच नाव घेतलं नाई."

भागवत हसला, पण त्याला एकट्यानेच हसावं लागलं. रंगरावांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. त्यांची नोकरी सरत आली होती आणि सणाच्या दिवशी गावात तंटा नको होता. बैल तोरणाखाली लागेपर्यंत थांबतो, ते म्हणाले, पण त्यानंतर पोराला घेऊन जावंच लागेल.

वंदना पाटलांसमोर खाली बसली. गावाच्या नात्याने ती त्यांना मामाजी म्हणायची. "मामाजी, मखर शेवटी कोनं पाह्यलं?"

"मीच. काल दुपारी चिंच लावून पितळ घासलं. शेडमंदी ट्रॅक्टरच्या मांगं टांगून देल्लं. सकाळी पाह्यतो तं खुटी रिकामी."

"शेडले कुलूप?"

"नुसती कडी. पन फाटकाले आतून साखळी असते. रातच्याले मीच लावतो. तोवर ओसरीवरच होतो, बाहेरचं कोनी आत आलं नाई."

"सकाळी साखळी होती?"

"हाव. तशीच होती."

"मंग चोर आला कुठून?"

"भिंतीवरून," पाटील चिडून म्हणाले. "भरतीचा पोट्टा हाय. त्याले भिंतीचं काय?"

"घरात आणखी कोन होतं?"

"मी अन् ही." त्यांनी आतल्या दाराकडे मान केली. "मले तं मांगच्या पोळ्यापासून गोळीबिगर झोप नाई. काई ऐकू नाई आलं. हिनं दिवे लागाच्या वक्ती हळद-लोन्याची वाटी घेतली, गोविंदाकडे गेली, आवतण देऊन आली. मीच पाह्यलं जातांनी. मंग जेवलो अन् झोपलो."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्यावर हळद-लोणी चोळायचं आणि त्याला सांगायचं: आज आवतण घे, उद्या जेवाले ये. हे ज्याच्या त्याच्या घरी होतं. फक्त हिऱ्याला हे आवतण पाटलाच्या घरून जातं, कारण उद्या तो त्यांचा बैल असतो. त्या संध्याकाळी गोविंदाच्या घरचं कोणी हिऱ्याच्या खांद्याला हात लावत नाही.

आतून आशाबाई चहा घेऊन आल्या. पाटलांची बायको, बारीक अंगाची, कमी बोलणारी. कप गरम असावेत, कारण दोन्ही हातांना पदर गुंडाळून त्यांनी ते एकेकापुढे धरले. महामायापुढे कप धरताना त्यांचे डोळे वर झाले नाहीत. कप मात्र बशीत खडखडला.

वंदना शेडकडे गेली. आत ट्रॅक्टर, डिझेलचा वास, आणि भिंतीवर रिकामी खुंटी. बाहेर भिंतीलगत चिखल होता. चिखल सपाट होता, पण रात्री भुरभुर येऊन गेली होती, त्यामुळे तेवढ्यावर काही ठरेना. ती परत वळली तेव्हा तिची नजर दाराच्या कडीवर गेली. लोखंडावर पिवळा, तेलकट डाग होता. दोन बोटांचा.

तिने रंगरावांना बोलावून तो दाखवला.

"हळद हाय," रंगराव म्हणाले. "ताई, काल अख्ख्या गावाचे हात पिवळे होते."

"अख्ख्या नाई," वंदना म्हणाली. "ज्याच्या घरी बैल हाय, त्याचेच."

भागवतने नकळत आपले हात मागे घेतले. त्याची नखं चांगलीच पिवळी होती. घरच्या जोडीला त्यानेच लोणी लावलं होतं, आणि हळद नखांतून दोन दिवस निघत नाही.

---

संघर्ष घरासमोरच्या ओट्यावर बसला होता. पाठ ताठ होती, पण पाय सारखा हलत होता. वंदनाने आधी त्याचे हात पाहिले. नखं स्वच्छ होती. त्याच्या घरी बैल नव्हते, कधीच नव्हते.

"मखर घेतलं का?"

"नाई ताई."

"मंग पाटील तुह्यंच नाव काऊन घेते?"

त्याने मान खाली घातली. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. तोरणाखाली बैल उभे राहिले की एकमेकांना टोमणे मारणारी जुळवलेली कवनं म्हणतात, त्यांना झडत्या म्हणतात. गेल्या पोळ्याला पोरांनी एक नवी झडती म्हटली होती:

मखर पाटलाचं, शिंगं गोविंदाची,
नुसत्या फेट्यानं वाट काय चालाची?

आखर हसून लोटपोट झालं होतं. वामनराव कासरा हातात धरून तसेच तोरणाखालून गेले आणि घरी येऊन अंथरुणाला खिळले. नंतर उठले, पण पूर्वीचे राहिले नाहीत. झडती म्हणणारी पोरं दुसरीच होती, पण जुळवणारा कोण हे लपलं नव्हतं.

"हसवाले लिवली होती ताई," संघर्ष म्हणाला. "त्यायले एवढं लागंन असं वाटलं नाई. मी माफी मांगाले गेलो होतो, पन फाटकातून परत आलो. हिंमत नाई झाली."

"यंदा नवी लिवली?"

"पोट्टे मांगे लागले होते. काल संध्याकाळी पारावर जुनीच घोळून राह्यले होते, मोठमोठ्यानं. मी उठून घरी आलो."

वंदनाने ते मनात ठेवलं. पार गोविंदाच्या गोठ्याच्या वाटेवरच होता. तेवढ्यात फोन वाजला. भागवत होता. घरी ये, लोक हसून राह्यले, एवढंच तो म्हणाला. लोक हसतात ही भीती गावात एकट्या पाटलांनाच नव्हती तर. तिने फोन पिशवीत टाकला.

---

गोविंदा नाल्यावर जायला बैल सोडत होता. तिरसट माणूस, पण आज जरा जास्तच. दूर कुठेतरी डफडं वाजायला लागलं होतं. हातात पुराव्याच्या नावाने एक डाग आणि डोक्यावर चढत चाललेलं ऊन, एवढंच तिच्यापाशी होतं.

हळदीचे हात, आणि मखराशी संबंध. दोन्ही गोष्टी गोविंदाला लागू पडत होत्या.

"बैल तुहा अन् मान त्यायचा," तिने सरळच विचारलं. "राग येत असंन?"

"येते ना. नाई कायले म्हनू?"

"मखर तू नेलं का?"

गोविंदा कासरा हातात घेऊन थांबला. "ताई, मी मखर चोरू कायले? मी नुसता नाई म्हनलो तं त्यायच्या घरी मखर बांधाले शिंगं कोनती हाय? टेबलावर ठेवतीन का?"

ज्याच्या हातात नकार आहे त्याला चोरीची गरज काय? वंदना परत वळणार, तोच तिची नजर बैलांवर गेली. तरण्या बैलाचा खांदा पिवळाधमक होता. हिऱ्याचा पांढरा होता. कोरडा, धुळीने माखलेला.

"ह्याचा खांदा काऊन नाई चोळला?"

गोविंदाने तोंड फिरवलं. "त्याले पाटलाच्या घरचं आवतण असते."

"मंग?"

"आलं नाई. दिवा लावून बसलो होतो आम्ही. बायको म्हने आपनच चोळू, पन मी म्हनलो, नाई. लोकाच्या मानाले हात लावाचा नाई." त्याने हिऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "अख्खी रात बिनआवतणाचा राह्यला माहा बैल. इतकी वर्सं त्यायचं वझं वाह्यलं यानं. मानसाचा अपमान समजतो मी, मुक्या जनावराचा कायले कराचा?"

वंदना तिथेच उभी राहिली. नाल्याकडे जाणाऱ्या जोड्यांचे घुंगरू तिच्या बाजूने वाजत गेले आणि ती हलली नाही. मग ती वळली ती भराभर चालायला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्या वळशात एका पोराचा जन्म वाया जाणार होता. उत्तर सापडलं होतं, पण तिला आनंद झाला नाही. जे सांगायचं होतं ते तिला सांगवत नव्हतं.

---

ओसरीवर सगळे जमले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. रंगराव, भागवत, पाटील. तिने बोलावलं म्हणून गोविंदा आला होता, आणि संघर्षला घेऊन महामाया. आशाबाई आतल्या दाराच्या चौकटीला टेकून होत्या.

"आता सांगा ताई," रंगराव म्हणाले.

भागवत पुढे झाला. त्याने घसा साफ केला, आणि पोलीस पाटलांच्या वतीने तो काही सांगणार, तोच वंदना बोलायला लागली.

"मखर मामाजीनं दुपारी टांगलं. त्याच्यानंतर शेडची कडी कोनंतरी हळदीच्या हातानं उघडली. संघर्षच्या घरी बैल नाई, त्याच्या नखाले हळद नाई. फाटकाची साखळी आतून होती, सकाळीही आतूनच होती. म्हनजे एक तं कोनी भिंत चढून आलं, नाई तं कोनी बाहेरून आलंच नाई."

"पुढं?"

"गोविंदाचे हात पिवळे हाय. पन त्याले चोरीची गरज नाई, बैल देत नाई म्हनलं की झालं. मंग मी हिऱ्याचा खांदा पाह्यला. तो कोरडा हाय."

पाटलांनी भुवया उंचावल्या. "कोरडा कसा? ही वाटी घेऊन गेली होती."

"हाव. तुमीच पाह्यलं. वाटी घरातून गेली अन् खांद्यापर्यंत पोचलीच नाई. आवतण नाई, म्हनजे ज्यानं द्याचं त्याले आदल्या संध्याकाळीच ठाऊक होतं की हिऱ्या उद्या मखर घेऊन निंगनार नाई. चोरी झाल्याचं तं आज सकाळी समजलं. मंग काल संध्याकाळी कोनाले ठाऊक असंन?"

बोट दाखवायची वेळ आली होती आणि वंदनाचा हात उचलेना. म्हाताऱ्या बाईला चारचौघांत हात पुढे कर म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

"मामी," ती हळू म्हणाली, "हिऱ्याले आवतण काऊन नाई देल्लं?"

आशाबाईंनी पदरातून हात बाहेर काढले. बोटं नखांपर्यंत पिवळी होती.

"द्यालेच गेली होती," त्या म्हणाल्या. "मनात काईच नव्हतं. पारावर पोट्टे थेच झडती म्हनून राह्यले होते. मी ऐकत ऐकत गेली. गोविंदाच्या फाटकापाशी वाटीत बोटं बुडवली, तं हिऱ्यानं आंधारातून मान लांब केली. अन् मले वाटलं, उद्या हे पुन्हा हसतीन. मांगच्या साली हे घरी आले तवाचं तोंड मी पाह्यलं होतं. हे दुसऱ्या खेपेले वाचत नाई, असं वाटलं. मी फिरली, घरी आली, शेडमंदून मांगच्या दारानं मखर आत आनलं अन् ज्वारीच्या रिकाम्या कोठीत ठेवून देल्लं. मखरच नाई तं झडती कायची?"

"आवतण देऊन याचं होतं ना," रंगराव म्हणाले. "कोनाले समजलंच नसतं."

आशाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी काही भलतंच सुचवलं होतं. "मुक्या जनावराले उद्या ये म्हनाचं अन् उद्या त्याले बाहेर काढाचं नाई? ह्यायच्याशी खोटं बोलली मी, तुमच्याशीही बोलली असती. बैलाशी कसं बोलू?"

मग त्या महामायाकडे वळल्या. "बाई, तुह्या पोराचं नाव निंगंन असं डोक्यातच नव्हतं. निंगालं तं तोंड उघडलं नाई. नेला असता तं उघडलं असतं का, मले खरंच माहीत नाई."

महामायाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. "माहा तं जन्म गेला असता, बाई," ती म्हणाली. तिने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि कोणी तिला तसं म्हणायला लावलंही नाही.

वामनराव बायकोकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना वाटत होतं की नाव त्यांचं आहे आणि सांभाळतातही तेच. फेट्याखाली घाम आला होता. तो पुसायचंही त्यांना सुचेना.

भागवतने संधी साधली. "जमादारसाहेब, घरातलं प्रकरन हाय, मी म्हनतो..."

"तू गप बे," पाटील म्हणाले. "पोलीस पाटील बोलून राह्यली."

रंगरावांनी वही उघडली आणि वंदनाला विचारलं, काय लिहू? वस्तू घरची आणि घरातच मिळाली, चोरी झालीच नाही, ती म्हणाली. संघर्षचं नाव कुठेच नको. पडताळणीचा कागद माझ्याकडे येईल तेव्हा मी स्वतः ठाण्यात येऊन सांगेन. रंगरावांनी तिचा मोबाईल नंबर मागितला आणि तिने तो दिला, स्वतःचा.

---

वामनराव उठले. त्यांनी बायकोच्या हाताला धरलं, वाटी मागवली आणि गोविंदाला म्हणाले, चाल.

गोठ्यात हिऱ्या धुऊन उभा होता. पाटलांनी स्वतः त्याच्या कोरड्या खांद्यावर लोणी चोळलं. मग वाटी आशाबाईंपुढे धरली, आणि त्यांनीही पाचही बोटं बुडवून चोळलं. "काल राह्यलं, बापा," ते म्हणाले. "आजच आवतण घे, अन् आजच जेवाले ये."

आखरावर पोळा भरला तेव्हा हिऱ्याच्या शिंगांवर मखर होतं आणि कासरा गोविंदाच्या हातात होता. पाटील त्याच्या शेजारून मोकळ्या हातांनी चालत होते. लोक बघत राहिले. पोरं तर जीभ गिळल्यासारखी गप्प होती, संघर्ष सगळ्यांच्या मागे. झडती म्हणायला कोणी पुढे होईना. झडतीशिवाय पोळा फुटत नाही, बैल तोरणाखालून सुटत नाहीत, आणि ते अस्वस्थ होऊन पाय आपटायला लागले.

आशाबाई बायकांत उभ्या होत्या. त्यांनी वंदनाचा दंड घट्ट धरला होता.

वामनराव तोरणाखाली थांबले. त्यांनी घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हटलं:

मखर पाटलाचं, शिंगं गोविंदाची,
नुसत्या फेट्यानं वाट काय चालाची?

मग पाटील स्वतःच हसले, आणि त्यांच्यामागून सगळं आखर हसलं. त्यांनी फेटा काढून गोविंदाच्या डोक्यावर ठेवला. तो जरा मोठाच होता आणि गोविंदाच्या कानांवर आला. हिऱ्याने मान उचलली, मखर तोरणाला लागलं, आंब्याची पानं तुटून सगळ्यांच्या अंगावर पडली आणि पोळा फुटला.

आशाबाईंनी वंदनाचा दंड सोडला तेव्हा तिथे पाच बोटं पिवळी उमटली होती.